जाळीला अस्तर

प्रिय दादा,

नमस्कार. टपालाचं पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी घोटभर पाणी पी. कुणी आजारी नाही, कुणी घसरून पडलेलं नाही, घराचं छप्पर जागेवर आहे. तुझी कंबर कशी आहे? वहिनीचा खांदा आता वर जातो का, की अजून केस विंचरताना मानच खाली न्यावी लागते? तिला माझा नमस्कार सांग आणि मी तिची फार आठवण काढते हेही सांग (ती म्हणेल, मग फोन का करत नाही, तू काहीतरी सांभाळून घे). मी बरी आहे. आई बरी आहे. ठेंगू आत्ता, हे वाक्य लिहिताना, अठ्ठावन्नावर आहे.

ठेंगू म्हणजे तू मला जुळवून दिलेला तो बुटाच्या खोक्याएवढा संगणक. तू त्याला कुठल्यातरी आकड्यांच्या नावाने ओळखतोस, पण घरात असं नाव चालत नाही. आम्ही दोघी त्याला ठेंगूच म्हणतो. आणि अठ्ठावन्न हे त्याचं तापमान. पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडा दिसतो आणि गेले दोन महिने मी त्या आकड्याकडे पाहत जगते आहे. पंच्याण्णवला ठेंगू काही न बोलता बंद पडतो. जाताना निरोपही घेत नाही.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर तू तिसऱ्या वाक्यालाच 'बरं, मुद्दा काय?' म्हणतोस. माझा मुद्दा साधारण अकराव्या वाक्यात असतो, तोवर तू ठेवून दिलेलं असतंस. मेसेज केला तर अंगठा पाठवतोस. शिवाय माझ्या घराला दोनच खोल्या, आणि तुझा आवाज असा की फोन मी कानाला घट्ट दाबून धरला तरी स्वयंपाकघरातल्या भांड्यांनाही तू काय म्हणालास ते कळतं (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे). पत्र टाइप का केलं नाही, तर ठेंगू कामात आहे. तू माझं काम नेहमी विसरतोस म्हणून पुन्हा सांगते. कपाटवाले लोकांची स्वयंपाकघरं बांधतात. बांधण्याआधी ते स्वयंपाकघर कसं दिसेल याचं चित्र मी करते, अगदी नळावरच्या उजेडासकट. मी मापं घालते, रंग घालते, आणि मग ते चित्र पक्कं करायचं काम ठेंगूचं. त्याला आठ-नऊ तास लागतात, आणि तेवढा वेळ तो घाम गाळत असतो. त्याला मध्येच दुसरं काही सांगायचं नाही. मध्येच बंद पडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हेच स्वयंपाकघर दोनदा बिघडलंय. कपाटवाले सज्जन आहेत, पण दुसऱ्या वेळी ते म्हणाले, 'ताई, आज संध्याकाळी सहाला मिळालं नाही तर मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो, राग मानू नका.' ते 'आज' म्हणजे आजच. सकाळी नऊला लावलंय, आता दुपारचा एक वाजलाय. (उठून बघून आले. साठ.)

तर मुद्द्यावर येते, म्हणजे मुद्द्याच्या दिशेने निघते.

तुला तो दिवस आठवतो का, सहा महिन्यांपूर्वीचा? तू एका हातात ठेंगू, दुसऱ्या हातात आईची ती मोठी तपकिरी पिशवी घेऊन जिना चढून आलास. आईचं जुनं घर आवरून झालं होतं आणि आपण वाटणी केली होती: आई माझ्याकडे, आईचं शिवणयंत्र तुझ्याकडे. कारण तुझ्याकडे जागा आहे, आणि माझ्याकडे मशीनच्या आवाजाने कामात लक्ष लागणार नाही, असं मीच म्हणाले होते. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेल्या बाईची आणि तिच्या मशीनची अशी फारकत आपण दोघांनी चहाच्या एका कपात उरकली. आई तिथेच बसली होती. ती कपबश्या गोळा करत म्हणाली, 'हाताने शिवेन की.'

मग तू मला ठेंगूचं शिक्षण दिलंस. माझ्या टेबलाखालच्या फळीवर तू एक बैठक स्क्रूने पक्की केलीस आणि त्या बैठकीत जाळी सरकवून दाखवलीस. तळहाताहून जरा मोठी, काळी, चहाच्या गाळणीपेक्षा बारीक. तू म्हणालास, लहान डब्यात जागा कमी, म्हणून तो लवकर तापतो. तो खालून हवा ओढतो. हवा आत जाते, धूळ जाळीवर राहते. जाळ्या दोन दिल्या आहेत. दर पंधरा दिवसांनी एक काढून धुवायची, ती वाळेपर्यंत दुसरी लावायची. हे तू दोनदा सांगितलंस, एकदा कागदावर लिहिलंस आणि तो कागद टेबलाच्या आतल्या अंगाला चिकटवलास. आईने एक जाळी घेतली, खिडकीच्या उजेडासमोर धरली, नखाने ताणून पाहिली. ती कापड असंच बघते. 'बिनअस्तराची आहे,' ती म्हणाली. तू म्हणालास, 'आई, आपल्याला धूळ अडवायची आहे, हवा नाही.' त्यावर ती म्हणाली, 'मग धूळ काय पायांनी चालत येते? हवेबरोबरच येते ना.' आपण दोघं हसलो, आणि हसत हसत खाली फळवाल्याकडे गेलो. जाळी तिच्याच हातात राहिली होती. दोन्ही जाळ्या.

आता एक कबुली. दर पंधरा दिवसांनी तू फोनवर विचारत होतास, जाळी धुतलीस का, आणि मी दर वेळी म्हणत होते, हो, कालच. दादा, मी ती जाळी एकदाही धुतली नाही. एकदाही काढली नाही. पहिल्या पंधरवड्यात गडबड होती. दुसऱ्यात लाज वाटली की पहिल्यांदा राहिलं. तिसऱ्यापासून ते वाक्य इतकं सरावाचं झालं की खरंच धुतल्यासारखं वाटायला लागलं. (वहिनीला हा परिच्छेद वाचून दाखवू नकोस.)

दोन महिन्यांपूर्वी ठेंगू तापायला लागला. आधी त्याचा पंखा गुणगुणायचा, मग घोंघावायला लागला, मग असा आवाज यायला लागला की जणू माझ्या पायाशी कुणीतरी सतत चिडून बसलंय. आणि तो चिडला की मीही. तुला माझा स्वभाव माहीत आहे, मला एका जागी बसवत नाही; त्यात दर दहा मिनिटांनी बघायला तो आकडा. शहात्तर. उठायचं, पाणी प्यायचं, येऊन बघायचं. एक्याऐंशी. टेबल फळीसकट ओढून खिडकीशी नेलं, म्हणजे वारा लागेल. खाली रस्ता खणलेला, त्याची माती पडद्यासकट आत आली. टेबलावरचा पंखा खाली ठेवून त्याच्यावर सोडला. आईने कापून ठेवलेले कापडाचे तुकडे घरभर उडाले आणि ती बिचारी वाकून वाकून गोळा करत राहिली. एक दिवस तर मी दह्याचं भांडं फ्रिजमधून काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं. तापमान उतरलं नाही, दही मात्र पातळ झालं. आईने हे सगळं बघितलं आणि संध्याकाळपर्यंत ठेंगूला एक खोळ शिवली, पुढे दोन बटणं, वर छोटी झालर. तिचं म्हणणं, आजारी माणसाला आपण उघडं ठेवत नाही. मी ती खोळ काढून ठेवली. जरा जोरात काढली, बटण तुटलं.

मग मी त्याला उचलून डॉक्टरांकडे नेलं. म्हणजे दुरुस्तीवाल्याकडे, आम्ही त्यांना डॉक्टर म्हणतो कारण ते आधी कान लावतात आणि मग 'किती दिवसांपासून?' असं विचारतात. त्यांनी ठेंगू उघडला, फुंकर मारून साफ केला, आतल्या चिपेवर थंडाव्याचा नवा लेप लावला आणि विचारलं, 'खालची जाळी वेळच्या वेळी धुता ना?' मी म्हणाले, 'दर पंधरा दिवसांनी.' तोंडातून गेलंच. जाळी घरीच होती, टेबलाखाली तू स्क्रूने बसवलेल्या त्या बैठकीत. डॉक्टरांच्या दुकानात ठेंगू दोन दिवस बावन्नावर राहिला, गुणी बाळासारखा. घरी आणून बैठकीवर ठेवला आणि तासाभरात नव्वद. पुन्हा नेला, पुन्हा बावन्न. पुन्हा आणला, पंच्याण्णव, अंधार. तिसऱ्या वेळी डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, 'ताई, पेशंट ठणठणीत आहे. तुमच्या घरातच काहीतरी आहे.' (उठले होते. एकसष्ट. चित्र अर्ध्याच्या पुढे गेलंय.)

हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि तिथून माझं चुकत गेलं. घरात काहीतरी आहे म्हणजे काय आहे? दोन खोल्या, मी, आणि आई. मी आधी इस्त्रीला धरलं. म्हणाले, 'आई, इस्त्री त्या खोलीत नको, वाफ होते.' आईने इस्त्री स्वयंपाकघरात नेली. मग मी म्हणाले, कातरकाम नको, तंतू उडतात. तिने कातरकाम गॅलरीत नेलं. गॅलरी केवढी, तर एक माणूस आणि एक कुंडी. ती कुंडीला पाठ टेकून बसायची. मग मी म्हणाले, सारखी या खोलीतून त्या खोलीत जाऊ नकोस, दार उघडलं की रस्त्याची धूळ येते. त्यावर ती 'बरं' म्हणाली. दादा, तिने एकदा तरी भांडायला हवं होतं. तिने प्रत्येक वेळी तिचं सामान उचललं आणि एक पाऊल मागे गेली.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी, ठेंगू कपाटवाल्यांच्या स्वयंपाकघरावर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा, मी तुला फोन केला. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी दार लोटून घेतलं होतं आणि अगदी हळू बोलत होते. पण तू नेहमीच्या आवाजात म्हणालास, 'म्हणजे आई तिथे असताना तुझं काम होत नाही, असंच ना? मग महिनाअखेरीस मी येऊन घेऊन जातो तिला. मुद्दा एवढाच ना?' मी 'हो' म्हणाले. बाहेर भांडी घासण्याचा आवाज मध्येच थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा मी स्वतःला सांगितलं की तिला ऐकू गेलं नसणार, नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी ती तपकिरी पिशवी दारामागे उभी होती, भरलेली. तुला ती आतून माहीत आहे. तिला आपल्या शाळेच्या शर्टाच्या निळ्या चौकडीचं अस्तर आहे, त्या ताग्यातून उरलेल्या कापडाचं. मला वाटलं, तू येणार आहेस ते मी तिला जेवताना सांगितलं, म्हणून तिने हौसेने भरून ठेवली. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते बरोबर वाटतं.

आता काल काय झालं ते. डॉक्टरांनी सकाळी फोन करून सांगितलं की उद्या त्या कामाआधी मी स्वतः येऊन बघतो, बैठक आणि जाळी दोन्ही मला दाखवा. दातांच्या डॉक्टरकडे जाण्याआधी आपण जसे घासघासून दात घासतो, तशी मी जाळी धुवायला पळाले. बैठकीतून ओढली तर सहजी येईना. नेट लावून ओढली, तर जाळीच्या खालून एक जाडजूड घोंगडीच आली. धुळीची. तंतूंची. बोटभर जाड, हाताने उचलावी अशी.

ती घेऊन मी न्हाणीघरात स्टुलावर बसले आणि सोलायला लागले. तिचे थर निघत होते. सगळ्यात वर राखाडी. त्याच्याखाली लाल. मग पिवळा, चांगला जाड. त्याखाली फिकट निळा. आणि अगदी आत, जाळीला चिकटून, पुन्हा राखाडी. आधी मला नुसती मौज वाटली. मग मला तो निळा ओळखू आला. ती माझी जुनी चादर, आई आली त्या महिन्यात तिने कापून उशांचे अभ्रे केले होते. पिवळा म्हणजे स्वयंपाकघराचे पडदे. तुला मी फोटो पाठवला होता, तू अंगठा पाठवला होतास. लाल म्हणजे माझ्या खुर्चीची गादी, कारण मी सारखी उठते ते खुर्ची टोचते म्हणून, असं तिचं ठाम मत. ती गादी तिने तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी पूर्ण केली. दुसरी करायला घेणार होती, पाठीसाठी. लाल कापड कापूनही ठेवलं होतं. आणि लालच्या वर नुसती राखाडी धूळ. रस्त्याची. एक धागा नाही, कुठलाच रंग नाही. तीन आठवडे त्या घरात कुणी कापडाला कात्री लावलेली नव्हती.

मी त्या स्टुलावर किती वेळ बसले ते माहीत नाही. नळ सोडून ठेवला होता. मला वाटत होतं, ती थकली असेल, डोळे दुखत असतील. मी तिला विचारलंही नव्हतं, कारण ती शिवत नव्हती म्हणजे तंतू उडत नव्हते, आणि मला तेच हवं होतं.

थर सगळे निघाल्यावर जाळी धुवायला उजेडाकडे धरली, तर उजेड दिसेना. जाळीच्या आतल्या बाजूने काळ्या कापडाचं अस्तर लावलेलं. कडेने अशी बारीक हातशिलाई की टाके शोधायला नख फिरवावं लागलं. पळत जाऊन खणातली दुसरी जाळी काढली. तिलाही अस्तर. तेवढ्यात आई न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने माझ्या मांडीवरची ती रंगीत घोंगडी बघितली आणि तिचा चेहरा खुलला. 'बघ, किती अडवलीय,' ती म्हणाली. 'यातलं काही आत गेलं असतं तर?'

मी म्हणाले, 'आई, हवापण अडली ना गं. दोन महिने गुदमरतोय तो.'

तिने घोंगडीचा लाल थर बोटाने जरा उचलून पाहिला. मग म्हणाली, 'म्हणजे मीच होते होय ते.' अगदी साध्या आवाजात, एखादं हरवलेलं बटण सापडावं तसं.

मी विचारलं, 'सांगितलं का नाहीस?' तर म्हणाली, 'अस्तर सांगत सुटायचं असतं का? दिसलं तर ते अस्तर कसलं.' मग माझ्या हातातली दुसरी जाळी, कोरी, सहा महिन्यांत बैठकीत न गेलेली, तिने घेतली आणि झटकायची गरज नसताना झटकली. 'ही इतके दिवस खणातच होती,' ती म्हणाली. 'तू दादाला फोनवर कालच धुतली म्हणायचीस. मला वाटलं, अस्तर आहे म्हणून धुवायची गरज पडत नसेल.' म्हणजे माझं प्रत्येक खोटं तिने ऐकलं होतं आणि त्यालाही आतून अस्तर लावून ठेवलं होतं.

मग ती शेजारी बसली, बादली उलटी करून, आणि माझ्या हातातून जाळी घेऊन स्वतःच अस्तर उसवायला लागली. मला म्हणाली, तू ओढशील, जाळी फाटेल. दोन्ही उसवली. घडी घातली. आणि उठता उठता, पदार्थात मीठ आहे का विचारावं तसं विचारलं, 'मग आता तुझं काम नीट होईल ना? त्या पिशवीचं काय करायचं तेवढं ठरवून सांग. माझा टॉवेल तिच्यात आहे, रोज काढून रोज आत ठेवावा लागतो.'

दादा, मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, 'चहा ठेवते.' ती म्हणाली, 'ठेव.'

तर ही सगळी हकिगत. आज सकाळी डॉक्टर आले, बिनअस्तराची जाळी बघून म्हणाले, 'एवढी स्वच्छ जाळी मी कुणाच्या घरी पाहिली नाही.' मी मान खाली घातली. आई म्हणाली, 'काल धुतली.' आपल्या घरात हे वाक्य पहिल्यांदा खरं बोललं गेलं. (एकोणसाठ. साडेतीन वाजले. मी आता उठणार नाही असं ठरवलंय. उठले. एकोणसाठच.)

तुला लिहायचं कारण एवढंच की अस्तर उसवताना एका जाळीची कड जराशी सैल झाली आहे, तेव्हा तशाच मापाच्या आणखी दोन जाळ्या पाठव. बाकी सगळं ठीक. कंबरेला जप, वहिनीला जास्त जप.

तुझी एकुलती एक, म्हणून नाइलाजाने लाडकी,
बहीण

ता. क. जाळ्या नसल्या तरी चालेल. कड आईने कालच शिवून दिली. महिनाअखेरीस तू ये, पण आईला न्यायला येऊ नकोस. तिचं मशीन घेऊन ये. जड आहे, तुझी कंबर तशी, तेव्हा उचलायला कुणाला तरी घेऊन ये आणि जिन्याच्या वळणावर जपून. आवाजाचं काय, असं तू विचारशील. सहा महिने मी शांतता जपली, आणि त्यातले दोन महिने माझ्या पायाशी पंखा घोंघावत होता. मशीन कुठे ठेवायचं ते मी मोजलंय. टेबल पुन्हा भिंतीकडे सरकवलं की खिडकीपाशी बरोबर बसतं, दोन बोटं उरतात. जाळी आता आठवड्याला धुवावी लागेल, एवढंच.

ता. क. दुसरा. आईला यातलं काही विचारलेलं नाही. भीती वाटते. ती म्हणेल, 'नको, मी जाते, तुझं काम आहे.' आणि मला कळणार नाही की ते तिच्या मनातलं आहे की माझ्यासाठी आतून लावलेलं अस्तर. तू येऊन तुझ्या त्या मोठ्या आवाजात विचार. तुझ्यापुढे ती निदान भांडते.

ता. क. तिसरा. साडेपाचला स्वयंपाकघर पूर्ण झालं. शेवटचा आकडा त्रेसष्ट. कपाटवाल्यांना पाठवलं, त्यांनी अंगठा पाठवला. मी आईला चित्र दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'सुंदर आहे. पडदे नाहीत.' हे पत्र आता तिच्याकडे देते आहे, पाकिटात घालून चिकटवायला. मी खाली जाऊन तिकिटं आणते.

(हे पाकिटाच्या पाठीवर, बारीक अक्षरात लिहिते आहे, कारण आत जायला आता वाट नाही.) मी तिकिटं घेऊन आले तर पाकीट तयार होतं. चिकटवलेलं नाही, शिवलेलं आहे, चारी बाजूंनी, आणि हाताला जाड लागतं, कारण आतून अस्तर लावलंय. म्हणजे तिने सगळं वाचलंय. ती खुर्चीची दुसरी लाल गादी बेतत बसली आहे. पण तू उघडण्याआधी डावा कोपरा बघ. तिथे अस्तर बोटभर बाहेर ठेवलंय. चुकून नाही, त्याला दुमड घालून कड शिवली आहे. निळी चौकडी आहे. टॉवेल दोरीवर वाळतोय आणि दारामागची पिशवी आतून उघडीबोडकी पडली आहे, ती आता कुठे न्यायच्या लायकीची राहिली नाही. उसवताना जपून.